टिटवीचा गोल

आटलेल्या तळ्यात ससे आणि मुंगसं वाळक्या भोपळ्याचा फुटबॉल खेळत, त्या काळातली ही गोष्ट. पंच असायची टिटवी. तिची शिट्टी साऱ्या माळावर ऐकू जाई, म्हणून सगळ्यांनी हे काम तिच्याच गळ्यात घातलं होतं. भोपळा जवळून गडगडत गेला की तिचे लांब पाय शिवशिवत. पण पंचाने त्याला पाय लावायचा नाही, असा नियम होता.

एकदा भोपळा दोन दगडांमधल्या रेषेवर जाऊन अडला.

"गोल!" ससे ओरडले.

"रेषा ओलांडली नाही," टिटवी म्हणाली.

"ओलांडली होती, टिटवीताई! मीच मारला, मला ठाऊक नाही?" एक ससा काकुळतीला आला.

"खेळणाऱ्याचा शब्द धरायचा नसतो. पंच सांगेल तेच खरं."

"तू कधी एक तरी लाथ मारली असतीस, तर कळलं असतं तुला!" ससा फणकारला आणि चालता झाला.

डाव संपला, सगळे पांगले. भोपळा मैदानातच पडून राहिला. टिटवीने इकडेतिकडे पाहिलं, चार पावलं मागे सरली आणि धावत येऊन अशी लाथ हाणली, की भोपळा गडगडत दोन्ही दगडांमधून पार पलीकडे गेला!

आनंदाने तिने शिट्टी घालायला चोच उघडली, आणि ती तशीच उघडी राहिली. खेळणाऱ्याचा शब्द धरायचा नसतो.

त्या रिकाम्या तळ्यात गोल द्यायला पंच कुठेच नव्हता.