सापबंदीचा कागद

संस्थानाचे दिवाण सापांना फार भीत. त्यांनी हुकूमच काढला, की घरात कोणी साप पाळायचा नाही. दफ्तरखान्यामागे राहणाऱ्या भागू गारुडणीने आपल्या दोन्ही धामणी मुकाट्याने रानात सोडल्या. महिन्याभराने ती दरबारात महाराजांपुढे दाद मागायला आली.

"हुकूम म्हणजे हुकूम," दिवाण गुरगुरले. "मूळ कागद आणा रे, हिला वाचून दाखवतो."

कारकुनाने कागद आणला. उंदरांनी तो निम्मा कुरतडला होता.

भागूने हात जोडले. "सरकार, धामणींनी तुमचा हुकूम ऐकला, त्या गेल्या. आता एक हुकूम उंदरांसाठी काढा. फक्त तो तांब्याच्या पत्र्यावर काढा."

महाराज हसत सुटले. दुसऱ्या दिवशी भागू नव्या धामणी घेऊन आली, तेव्हा दफ्तरखान्याचं दार दिवाणांनीच उघडलं, पण स्टुलावर उभं राहून.