आत्याच्या पाठीत धपाटा

एका राज्यात समुद्र थेट राजवाड्याच्या पायरीला भिडे, आणि त्या राजवाड्यात कुणालाच नाव नव्हतं. ठेवलं जाई, पण राहत नसे. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगावं, बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घालावे, आणि दिवेलागणीपर्यंत ते नाव सगळ्यांच्या मनातून पुसलं जावं. म्हणून राजा नुसता राजा होता आणि राजकन्या नुसती राजकन्या.

हा शाप समुद्रापलीकडच्या एका जादूगारणीचा, एवढं सर्वांना ठाऊक होतं. तिनं तो का दिला, ते कुणाला आठवत नव्हतं. आठवण गेली त्या जागी लोकांनी राग भरून ठेवला होता. पलीकडची काळी, कुरळ्या केसांची माणसं गलबतं बांधायला येत. त्यांना किनाऱ्यावर काम मिळे, पण गावच्या विहिरीवर पाणी मिळत नसे.

वाड्याच्या दारावरच्या कमानीत एक साळुंकी राही. ती राजापेक्षा म्हातारी होती आणि फार कमी बोले. कमानीखाली पूर्वी बोललेले शब्द कुणी पुन्हा बोललं, तरच ती त्यांचं पूर्वीचं उत्तर देई.

गलबतं बांधणाऱ्यांत उमारो नावाचा सुतार होता. फळीला कान लावला की ती कुठल्या रानातली, हे त्याला ऐकू येई. राजकन्या नवं गलबत पाहायला गेली, तेव्हा त्यानं सहज विचारलं, "तुझं नाव काय?"

हा प्रश्न तिला जन्मात कुणी विचारला नव्हता.

"मला नाव नाही," ती म्हणाली.

"मग सापडेपर्यंत थांबतो," तो म्हणाला, आणि पुन्हा रंधा चालवू लागला.

तो खरोखरच थांबला. वर्ष सरलं, गलबत पाण्यात गेलं, आणि किनाऱ्यावरच्या वाळूत दोघांनी लग्न केलं. वाड्यातून कुणी अक्षता टाकायला आलं नाही. पुढे त्यांना मुलगी झाली. रंग बापाचा, कपाळ आईचं.

वाड्यात राजापेक्षा राजाच्या थोरल्या बहिणीचा शब्द चाले. सगळे त्यांना आत्याबाई म्हणत. त्यांनी निरोप धाडला, की बारसं वाड्याच्या दारात व्हायचं असेल, तर सुतारानं तीन कामं करावीत.

पहिलं काम, समुद्राच्या तळाशी जळणारा दिवा आणायचा. उमारो कासवाच्या पाठीवर बसून गेला आणि दिवा घेऊन आला. आत्याबाईंनी दिवा पाहिला आणि त्या म्हणाल्या, "काजळी फार धरलीय. आणणाऱ्यावर गेलाय."

दुसरं काम, नागाच्या वारुळातला शापित हंडा आणायचा. त्याला लागलेला हात दगड होई. उमारोनं लाकडाचे दोन हात घडवले आणि त्या हातांनी हंडा उचलला. लाकडाचे हात दगडाचे झाले, हंडा वाड्यात आला. दरबारी म्हणाले, असलं कसब चोरांकडेच असतं.

मग आत्याबाईंनी तिसरं काम सांगितलं. "हे सोपं आहे. वेशीबाहेर धवलतळं आहे. त्यात बुडवलेला कावळा बगळा होऊन निघतो. मुलीला एकदा बुडवून आणा."

उमारोनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. राजकन्या उठली.

"दिवा आणला. हंडा आणला. मुलगी आणायची नाही, ती आलेली आहे," ती म्हणाली. "आता या घराचं एकही काम होणार नाही."

तिनं पाळणा उचलला आणि भर दुपारी वाड्याच्या कमानीलाच बांधला. बारशासाठी उमारोची बहीण सेबा पलीकडून होडीनं आली होती. ती पायऱ्या चढू लागली, तसे पहारेकऱ्यांनी भाले आडवे धरले.

"भाले खाली घ्या," राजकन्या म्हणाली. "बाळाच्या तोंडावर सावली पडते."

पहारेकरी एकमेकांकडे पाहू लागले. मग भाले खाली आले. आता उंबऱ्यावर आत्याबाई उभ्या राहिल्या.

"परकीच्या तोंडचं नाव या दारात घेतलं जाणार नाही."

कमानीतली साळुंकी हलली. हे शब्द तिनं याच जागी ऐकले होते, आत्याबाईंच्या आजीच्या तोंडून. त्यांचं उत्तर तिनं त्या जादूगारणीच्या दुखावलेल्या आवाजात दिलं. "मी या बाळाची आत्या. मला दारातून परत पाठवता, तर तुमच्या कानातही नाव राहणार नाही. पलीकडची आत्या या दारात मानानं नाव सांगेल, त्या दिवशी तुमचं तुम्हाला मिळेल."

तेव्हा कुठे शापाचं कारण सगळ्यांना कळलं. आत्याबाई उंबऱ्यावरून बाजूला झाल्या, पण मान खाली झाली नाही.

सेबा पाळण्यावर वाकली. तिचं कुर्रर्र पारव्याच्या घुमण्यासारखं होतं. "तेमा," ती म्हणाली. मग भावानं शिकवल्याप्रमाणे ती पाठ वाकवून धपाट्यांची वाट पाहू लागली.

एकही हात उठला नाही. धपाट्याशिवाय नाव लागत नाही, हे सगळ्याजणींना ठाऊक होतं. पण धपाटा घालायचा तर त्या काळ्या पाठीला हात लावायला हवा होता. आणि बाळाच्या आईनं तो घालायचा नसतो.

सेबा वाकूनच उभी होती.

"आत्याबाई," राजकन्येनं हळू विचारलं, "माझ्या कानात नाव कुणी सांगितलं होतं?"

"मी."

"काय सांगितलं होतं?"

आत्याबाईंचे ओठ हलले. त्यातून काहीच आलं नाही. त्यांनी राजकन्येकडे पाहिलं, मग त्या वाकलेल्या पाठीकडे.

"तुम्हीही अशाच वाकला असाल," राजकन्या म्हणाली.

आत्याबाई पुढे झाल्या आणि त्यांनी सेबाच्या पाठीत धपाटा घातला. हलका नाही, घरच्या माणसाला घालतात तसा.

परत धपाटा घालायचा नसतो, हे सेबाला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं वळून दुप्पट जोरानं आत्याबाईंच्या पाठीत एक ठेवून दिला. आत्याबाई मटकन उंबऱ्यावर बसल्या.

आत्याबाईंना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, आणि त्या पाण्याबरोबर वर आलं ते त्या म्हणाल्या. "बकुळा. पोरी, मी बकुळा म्हटलं होतं गं."

वाड्याच्या आतून राजा स्वतःचं नाव मोठ्यानं म्हणत बाहेर धावत आला.

दिवे लागले, तरी कुणी काही विसरलं नाही. दुसऱ्या दिवशी गावच्या विहिरीवर पहिली घागर सेबानं भरली आणि ती उचलायला आत्याबाईंनी हात लावला.

राजकन्या मात्र नाव मिळताच आधी उमारोकडे गेली होती. तो पाळण्याची दोरी घट्ट करत होता.

"सापडलं," ती म्हणाली. "बकुळा."

ज्याचं नाव त्याला मिळालं. जे कुणी दारात पाठ वाकवून थांबले असतील, त्यांनाही असंच मिळो.