शेवटच्या शेतापासून

“साचा चुकत नाही, आबा. मग शेत का वाळलं?”

हिलाल आबा बंधाऱ्याच्या कडेला बसून चपला काढत होते. एक काढली, झटकली, बाजूला ठेवली. मग दुसरी.

विचारणारा होता मिहिर वैशंपायन. पुण्याचा. संगणकाचे मोठमोठे प्रोग्रॅम कसे रचावेत, हे तो इतरांना शिकवायचा. वय चाळिशीच्या आत, पण आवाजात सत्तरीची खात्री.

आबा पांझरेच्या काठावरचे पाटकरी. बंधाऱ्याचं पाणी पाटातून शेताशेताला वाटायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांच्या घरात हे काम किती पिढ्या चालत आलंय, ते त्यांनाही मोजता येत नव्हतं.

“साचा म्हणजे काय?” आबांनी विचारलं.

मिहिरला बरं वाटलं. हा प्रश्न त्याच्या आवडीचा होता.

“तीच ती अडचण पुन्हा पुन्हा येते, आबा. कोणीतरी एकदा तिचं चांगलं उत्तर शोधतो. आम्ही त्या उत्तराला नाव देतो, लिहून ठेवतो. पुढच्यानं पुन्हा डोकं फोडायचं नाही. साचा उचलायचा आणि आपल्या कामात बसवायचा.”

“चांगलं आहे,” आबा म्हणाले. “आम्ही त्याला रीत म्हणतो.”

मिहिर हसला. शहरातला माणूस खेड्यात आल्यावर हसतो, तसं. मग त्यानं पिशवीतून जाडजूड वही काढली. एकशे चाळीस साचे होते तीत, त्यानं बारा वर्षं खपून जमवलेले. प्रत्येक साच्याला एक पान. पानावर तीन चौकटी : नाव, अडचण, उत्तर.

“हा बघा, निरोप्या. एका ठिकाणी काही बदललं की ज्यांना कळायला हवं त्या सगळ्यांना आपोआप निरोप जातो. हा मध्यस्थ. दहा जण एकमेकांशी थेट बोलायला लागले की गोंधळ होतो, म्हणून सगळ्यांनी याच्याशीच बोलायचं. आणि ही पाळी. जो आधी मागेल, त्याला आधी.”

“हे पाळीचं कुठून आणलं?”

“तिकिटाच्या खिडकीवरून. दवाखान्यात तेच चालतं, बँकेतही तेच. लाखो वेळा वापरलंय लोकांनी. एकदाही दगा दिलेला नाही.”

आबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

“अन् वाळलं कोणाचं?”

मिहिरनं वही मिटली.

“शेवंताबाईंचं. इथलं नाही, दुसऱ्या पाटावरचं. आमचा प्रोग्रॅम तिथं आधी चालवून पाहिला. शेतकऱ्यानं मोबाइलवर पाणी मागायचं, प्रोग्रॅम पाळी लावणार, पाटाची दारं आपोआप उघडणार. सगळ्यांना पाणी मिळालं. शेवंताबाईंनाही मिळालं. पडद्यावर त्यांच्या नावापुढे हिरवी खूण आहे, तीन तासांची. आणि त्यांचं कांद्याचं रोप उभ्याउभ्या वाळून गेलं.”

“त्या काय म्हणाल्या?”

मिहिरनं मिटलेली वही मांडीवर ठेवली.

“म्हणाल्या, साहेब, हिरवं तुमच्या मोबाइलात आहे. माझ्या वाफ्यात नाही.”

…

“तीन आठवडे शोधतोय,” तो म्हणाला. “प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली. प्रत्येक साचा बरोबर बसलाय. आणि सोमवारी हाच प्रोग्रॅम साठ पाटांवर सुरू व्हायचाय. मी हो म्हटलं की सुरू. साठ पाटांच्या शेवटी साठ शेवंताबाई असतील, आबा. पाटबंधारे खात्यातलं कोणीतरी म्हणालं की या एका पाटावरून कधीच तक्रार येत नाही. म्हणून आलो.”

आबा उठले.

“आज हंगामाचं पहिलं पाणी सोडायचंय. बूट काढ.”

“कशाला?”

“पाण्याबरोबर चालायचंय.”

ही तिथली रूढी. हंगामाचं पहिलं पाणी सुटलं की पाटकऱ्यानं अनवाणी त्याच्या तोंडाबरोबर चालायचं. पुढे जायचं नाही, मागे राहायचं नाही. शेवटच्या शेतापर्यंत जाऊन तिथं पाय धुवायचे. तोवर कोणी आपल्या शेताचं दार उघडायचं नाही.

मिहिरला ही रूढी कालच गावात कळली होती. त्यानं ती टिपून घेतली होती, नाही असं नाही. पुढे लिहिलं होतं : ‘धार्मिक विधी. विचारात घेऊ नये.’

साडेसात वाजता पाणी सुटलं.

बंधाऱ्याजवळ ते जोरात होतं. कोरड्या पाटात शिरलं आणि त्याचा जोर बघता बघता ओसरला. मिहिरनं पाटात उतरून बूट हातात घेतले. मोजे बुटांत कोंबले. वही काखेत.

पहिलंच शेत झेलाबाईंचं. त्या बांधावर बसल्या होत्या. हरभरा टोकलेला, माती भेगाळलेली. पाणी त्यांच्या दारापासून वीतभर अंतरावर आलं.

“उनं व माय पानी,” आबा म्हणाले. आलं गं माय पाणी.

झेलाबाईंनी पाण्याकडे बघून हात जोडले.

“जाऊ द्या, आबा. खालना लोकेसले.”

खालच्या लोकांना. पाणी त्यांच्या दारावरून पुढे गेलं.

मिहिर मागे वळून बघत राहिला. “यांना नकोय का?”

“नको कसं? रोज विचारते, आबा, कधी सोडता.”

“मग आधी त्यांनीच मागितलंय ना? दार इथंच आहे. उघडलं की झालं.”

“हो.”

“मग?”

“मग काय. पाणी खाली चाललंय.”

मिहिरला हे उत्तर वाटलं नाही. तो पुटपुटत चालू लागला आणि थोड्या वेळानं त्याचं पुटपुटणं आपोआप थांबलं.

पाण्याचं तोंड त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. नळ सोडला की पाणी येतं, एवढीच त्याची ओळख. हे पाणी वाळकी पानं, काडीकचरा, शेळीच्या लेंड्या, बुडणाऱ्या मुंग्या सगळं पुढे ढकलत येत होतं. त्याला कडेला फेसाची पांढरी किनार होती. रांगत्या पोराच्या चालीनं ते सरकायचं. एखाद्या भेगेशी यायचं आणि दिसेनासं व्हायचं. सगळं संपलं असं वाटायचं. मग भेग भरायची, काठोकाठ यायची, आणि ते पुन्हा निघायचं.

एके ठिकाणी उंदराचं बीळ लागलं. पाणी तिथं थांबलं. आबाही थांबले, खाली बसले.

मिहिरनं घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं झाली. आठ झाली.

“माती टाकून बुजवू का?”

“पुढच्या वेळी बुजवू. आज पिऊ दे. कुठं किती पितं ते मला आज कळतं.”

अकरा मिनिटांनी पाणी निघालं. मिहिरनं काखेतली वही उघडली, पेन काढलं आणि काहीच न लिहिता पुन्हा मिटली.

ऊन चढलं. मिहिरच्या तळव्यांना खडे टोचत होते. मागच्या बाजूला पाट भरून वाहत होता आणि पुढे ठणठणीत कोरडा होता. त्या दोहोंच्या मधोमध हे दोघं चालत होते. बांधाबांधावर माणसं उभी होती. कोणी म्हातारं, कोणी पोर कडेवर घेतलेली बाई. सगळ्यांची शेतं तहानलेली, सगळ्यांच्या पायांजवळून पाणी जात होतं, आणि एकाही दाराला कोणी हात लावत नव्हतं. कोणी पहारा देत नव्हतं. कुठं पाटी नव्हती. मिहिर प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत गेला. त्यांच्या मनात मोह नसेलच असं काही नाही. पण कोणी हात लावत नव्हतं, हे खरं.

शेवटचं शेत दिसायला लागलं तेव्हा आबांनी विचारलं, “किती वाजले, भाऊ?”

“साडेअकरा.”

“अन् सोडलं कधी?”

“साडेसातला. म्हणजे चार ता…”

मिहिर पाटातच उभा राहिला. पाणी आलं आणि त्याच्या पावलांना लागलं. गार होतं.

“चार तास,” तो म्हणाला.

त्यानं पुन्हा घड्याळ पाहिलं.

“शेवंताबाईंची पाळी तीन तासांची होती.”

…

तो मटकन बांधावर बसला. बूट एकीकडे पडले, वही दुसरीकडे.

“वरच्या शेताची पाळी संपली तरी खालचा पाट कोरडाच. दार उघडायचं, पाणी निघायचं. तीन तास चालायचं. आणि पोचायच्या आत पाळी संपायची. आम्ही हिरवी खूण करायचो.” त्याचा आवाज अगदी लहान झाला. “तिकिटाच्या खिडकीवर माणूस चालत येतो, आबा. इथं पाणीच माणसाकडे चालत जातं. मी ते चालणं धरलंच नाही. आमच्या यंत्रात निरोप निघाला की पोचलाच. मला वाटलं, पाणीही तसंच.”

तीन आठवडे या शहाण्यानं प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली होती. पाटावर मात्र एकदाही पाय ठेवला नव्हता. सोनारानंच कान टोचावे लागतात म्हणतात ना, ते काही उगीच नाही.

आबा शेवटच्या शेताच्या दाराशी वाकले. ओंजळीनं पाणी घेऊन आधी उजवा पाय धुतला, मग डावा. त्या शेताचा मालक वाट बघत उभाच होता. त्यानं फावड्यानं मातीचं दार फोडलं आणि पाणी आत शिरलं.

“आता?” मिहिरनं विचारलं.

“आता याचं झालं की वरच्याचं. मग त्याच्या वरचं. पाट ओला झालाय, भरलाय. आता कोणापर्यंत जायला वेळ लागत नाही. दार उघडलं की पाणी हजर.”

मिहिर पाटाकडे बघत राहिला. वर, आले त्या वाटेनं, पाण्याची सरळ रेघ उन्हात चमकत होती. कोरड्या मातीनं प्यायचं ते एकदाच. गळती कुठं, ते त्याच दिवशी कळायचं. पाणी शेवटपर्यंत पोचलं याला पुरावा काय, तर पाटकऱ्याचे धुतलेले पाय. हे सगळं त्या एका चालण्यात होतं. कागदाचा कपटा नव्हता आणि शेकडो वर्षं चाललं होतं. त्यानं रचलेल्या कुठल्याही प्रोग्रॅमनं सात वर्षं नीट काढली नव्हती.

त्याला आनंद झाला होता आणि भीतीही वाटत होती, आणि दोन्ही एकाच गोष्टीमुळे.

त्यानं खिशातून कालचं टिपण काढलं. ‘विचारात घेऊ नये’ यावर रेघ मारली. मग वहीचं कोरं पान उघडलं.

“एकशे एक्केचाळिसावा साचा,” तो म्हणाला. “शेवटून सुरुवात. हा मी लिहिणार, आबा. सगळ्यांना उपयोगी पडेल.”

“लिही की. मग पलीकडच्या गावाला सिमेंटचा पाट झालाय, तिथं नेऊन लाव.”

तिसरी चौकट भरता भरता मिहिरचा हात थांबला. “तिथं नाही चालणार?”

“तो पाट पाणी पीतच नाही.” आबांनी वहीवर ओलं बोट ठेवलं. पहिल्या चौकटीवर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिन्हीकडे थोडी शाई फुटली. “नाव लिहिलं. अडचण लिहिली. उत्तर लिहिलं. अन् चाललं कोण, ते कुठं आहे?”

…

मिहिरनं पेनाला टोपण लावलं.

मग फोन काढला. पलीकडून कोणीतरी मोठ्यानं बोलत होतं. मिहिरनं पूर्ण ऐकून घेतलं.

“नाही,” तो म्हणाला. “सोमवारी सुरू करायचं नाही… हो, सापडली चूक… नाही, साच्यात नाही. मी चाललोच नव्हतो… किती दिवस म्हणजे? साठ पाट आहेत. साठ दिवस धरा… हो, आधी शेवंताबाईंच्या पाटावर.”

फोन खिशात टाकून तो आबांच्या शेजारी बसला. त्यानंही पाय पाण्यात सोडले. शेतात पाणी शिरल्याचा बारीक आवाज येत होता, आणि वास.

“आबा, ही रीत काढली कोणी?”

“नाव नाही राहिलं.”

“शेवटच्या शेतवाल्यानंच काढली असणार,” मिहिर म्हणाला. बारा वर्षांची सवय अशी एका दिवसात जात नाही. “ज्याचं जळतं त्याला कळतं.”

आबा हसले.

“कळतं त्यालाच. पण त्याचं ऐकतं कोण, भाऊ?”

ते उठले, फावडं खांद्यावर टाकलं आणि पाटाच्या काठानं वर बघितलं. पार वर, पाटाच्या तोंडाशी झेलाबाईंचं शेत होतं. सगळ्यांच्या आधी पाणी बघितलेलं आणि अजून कोरडं.

“ज्यानं काढली, त्याचं शेत तोंडाशी होतं.”