दोन बिळांतलं अंतर

गोष्टीत खेकडा होता की उंदीर, हे आता मला खात्रीने सांगता येत नाही. खेकडाच धरू.

फार पूर्वी एका तळ्याच्या बांधात बीळ करायला म्हाताऱ्या कासवाची बंदी होती. एकदा खेकडा म्हणाला, “आजोबा, जागेचं ज्याचं त्याला ठरवू द्या. शेजाऱ्यांची हरकत नसली की झालं.”

“शेजारी कोण रे तुझे?”

“डावीकडे घूस, उजवीकडे मुंगूस. दोन बिळांत हातभर अंतर सोडायचं ठरलंय.”

“आणि खाली?”

बांधाखालच्या खड्यांत टिटवीची चार अंडी होती. ती ओरडली, “माझी हरकत आहे!”

घूस हसली. “ही बया रोजच ओरडते. हिचं बीळ तरी कुठाय? बीळ नाही, म्हणजे शेजारीण नाही.”

खेकड्याचं म्हणणं कासवाला निम्मं पटत होतं. त्याने बंदी उठवली.

आषाढात बांध फुटला आणि पाणी अंड्यांवरून गेलं.

कोणीतरी शब्द मोडला असणार, असं मी बरीच वर्षं मानत होतो. म्हातारपणी ते तळं शोधून काढलं आणि उरलेल्या बांधातली बिळं मापली. प्रत्येक दोन बिळांत हातभर अंतर होतं.