चाळीस बोकडगाड्या आणि एक तोरण

"चाळीस गाड्या! चाळीस बोकड! आणि बसायला एक म्हातारं माणूस मिळू नये?"

भोपळगडचे चंडविक्रमराजे मौजबागेच्या दारात पाय आपटत होते. बाग त्यांनी मोठ्या हौसेनं उभारली होती. रहाटपाळणे, फिरते घोडे, आरशांचा महाल, सोंडेतून गुलाबपाणी उडवणारा दगडी हत्ती! साठ गावांतली माणसं दशम्या बांधून, घरदार घेऊन सहलीला येत. पण दारापासून रहाटपाळण्यापर्यंत अर्धा कोस चाल! म्हणून राजांनी बोकडगाड्या काढल्या. एका माणसापुरती बैठक, मऊ गादी, वर छत्री आणि पुढं शिंगाळ बोकड. भाडं ओंजळभर हरभरे, तेही बोकडालाच. दारावर राजांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली होती: 'थकल्याभागल्या म्हाताऱ्यांसाठी गाड्या भाड्यानं मिळतील.'

आणि तिथंच माशी शिंकली!

सुना म्हणत, "आत्याबाई, गाडी घेऊ या का?" आत्याबाई पाटी बघत आणि फणकारत, "म्हातारी असेल तुझी आई!" आजोबा काठी पाठीमागं लपवत, "मला काय धाड भरलीय?" म्हणत आणि दहा पावलांवर मटकन बसत. त्यांच्यापायी अख्खं घर दारातच दशम्या खाऊन माघारी जाई.

बोकड सांभाळायची बिरू धनगराची लेक सगुणा. चाळीसही तिनं बोटानं दूध चाटवून वाढवलेले. लांब दाढीचा, पहिल्या गाडीचा, तो सुभेदार. सगळ्यात बारका आणि बिथरट तो भुंग्या.

"महाराज, ती पाटी तेवढी बदला," सगुणा म्हणाली.

राजांच्या मिशा थरथरल्या. मिशा काळ्याकुळकुळीत, आणि वय विचारलं तर गेली अठरा वर्षं पन्नासच!

"माझ्या हातची पाटी? एक वेलांटी हलणार नाही! ऐक पोरी. आज दिवस मावळायच्या आत चाळीसही गाड्यांत म्हातारी माणसं बसलेली दिसली पाहिजेत. जबरदस्ती करायची नाही, खोटं बोलायचं नाही, लालूच दाखवायची नाही. नाही जमलं तर उद्या चाळीसही बोकड मुदपाकखान्यात!"

मागं उभ्या आचाऱ्यानं एवढंच ऐकलं आणि तो मसाला वाटायला धावला.

सुभेदार शांतपणे सगुणाचा पदर चघळत होता. तिनं दारात ताटकळलेल्या म्हाताऱ्यांकडं पाहिलं आणि तिला मागल्या महिन्यातलं मामेबहिणीचं लग्न आठवलं. 'आधी गंध कुणाला?' यावरून दोन म्हातारे असे जुंपले होते, की दुपारची पंगत दिवेलागणीला उठली होती!

सगुणा गालातल्या गालात हसली. तिनं आंब्याचे डहाळे आणून तोरण केलं, पहिल्या गाडीला बांधलं. सुभेदाराच्या शिंगांना कुंकू लावलं. हातात गंधाची वाटी घेतली आणि दारात उभं राहून साळसूदपणे विचारलं, "तुमच्यात थोरलं कोण हो?"

तात्या कासार पुढं सरसावले. सकाळीच यांनी 'मी बावन्नचा' म्हणून सुनेला झापलं होतं.

"थोरला म्हणजे मीच की! सत्तरी ओलांडली!"

"सत्तर?" आवडाक्का खेकसल्या. "अरे, तुझं शेंबडं नाक मी पुसलंय! पंचाहत्तर पुरी झाली मला!"

"गप गं पोरी!" मागून धोंडिबा आजोबांचं बोळकं कडाडलं. "मी ब्याऐंशीचा! दात मोज, एक जरी सापडला तर नाव बदलीन!"

तात्यांनी काठी पाटीवर आपटली. "वाचा! डोळे असतील तर वाचा! थकल्याभागल्या म्हाताऱ्यांसाठी! माझ्याइतकं थकलेलं दाखवा कुणी!"

"तू कसला थकलास? मला बसल्या जागी धाप लागते!"

"मला तर दिसतही नाही!"

"मग पाटी कशी वाचलीस रे लबाडा?"

सुनांनी तोंडाला पदर लावले. धोंडिबा आजोबा तोरणाच्या गाडीत, आवडाक्का दुसरीत, तात्या कुरकुरत तिसरीत. सगुणा गंध लावत गेली, गाड्या भरत गेल्या. छत्तीस, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस...

आणि म्हातारे संपले! रहाटपाळण्यामागं सूर्य टेकला. भुंग्याची गाडी तेवढी मोकळी.

"एकोणचाळीस म्हणजे चाळीस नव्हे!" राजांनी मिशीला पीळ दिला. आचारी सुरी पुसत पुढं झाला.

सगुणानं राजांकडं बघितलंसुद्धा नाही. ती धोंडिबांना म्हणाली, "आजोबा, आता थोरलं कुणी उरलं नाही ना?"

"छे! उरली ती सगळी पोरं-टोरं. हे राजेच बघ की, मिशी कशी कोवळी!"

"कोवळी?" राजे उसळले. "अडुसष्टावं सरतंय मला! गुडघे कसे वाजतात ते ऐकायचंय? आणि ही मिशी तर रोज सकाळी काजळ लावून..."

राजे थांबले. फार उशिरा थांबले! सारी बाग खदखदली. राजांनी मुकाट्यानं कपाळ पुढं केलं, गंध लावून घेतलं आणि चाळिसाव्या गाडीत बसले.

"पोरी, खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं!"

"महाराज, मी फक्त विचारलं. बोललात ते तुम्ही सगळे!"

"आणि लालूच?"

"झाडाची पानं आणि बोटभर गंध, महाराज. आणि पाटीची वेलांटीसुद्धा हलली नाही!"

राजे असे गडगडून हसले, की भुंग्या बिथरला आणि गाडीसकट रहाटपाळण्याकडं उधळला.

"थोरल्यांच्या पुढं जातोय बघा!" मागून तात्या ओरडले. "काडीची शिस्त नाही पोराला!"

"माग काय हवं ते!" लांबून राजांचा आवाज आला.

"अन् माझ्या मसाल्याचं काय?" आचारी रडकुंडीला आला. "चाळीस बोकडांचा वाटून बसलोय!"

"वांग्यांत भर, मामा!" सगुणा म्हणाली आणि तोंडाशी हात धरून ओरडली, "महाराज, सगळ्या बागेला भरली वांगी आणि माझ्या बोकडांना जन्मभर हरभरे!"

"दिले!" तोवर रहाटपाळण्यात चढलेले राजे टोकावरून हसत ओरडले.

त्या दिवशी भोपळगडात औषधाला वांगं उरलं नाही. सुभेदार मात्र उरला आणि तोरण त्यानंच खाल्लं!