हैबतीनं बुजवलेल्या फटी

डोंगरातल्या एका गावात एक लोहार होता. नाव हैबती. हात लोखंडाचा, काळीज लोण्याचं. डोक्याचं पुढे कळेलच.

त्याची लेक बायजा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं पहिलं मूल गारठ्यानं दगावलेलं. दुसरं झालं तेही ऐन पौषात. बाळंतिणीला वारा लागू नये, असं सगळेच म्हणतात. हैबतीनं ते मनात घट्ट धरलं. खिडकीला गोणपाट ठोकलं. कौलांखालच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. दाराशी आतून गोधडी कोंबली. मग कोळशाची शेगडी पेटवून खोलीत ठेवली.

थोड्या वेळानं शेगडी मावळली.

अंगणात आणून फुंकली, तर लालबुंद. आत नेली, की पुन्हा काळवंडली. हैबतीनं पोराला हात लावून पाहिलं. पोराचे पाय गार लागत होते.

"कोळसा ओला दिसतोय," तो म्हणाला. कोळसा बदलला. शेगडी मावळली. जाळी ठोकून राख झाडली. मावळली. मग मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या, शेगडी मात्र मावळायची ती मावळलीच. दर वेळी त्याला वाटे, कुठून तरी वारा शिरतोय आणि विस्तव विझवतोय. मग तो आणखी एक फट हुडकी आणि शेणानं लिंपून टाकी.

"आबा, माझं डोकं जड झालंय. गरगरतंय," बायजा म्हणाली.

"गारठ्यानंच. पड गप."

"जरा खिडकी उघडा ना."

"मागच्या खेपेला उघडीच होती तुझी खिडकी. काय झालं?"

असं बोलू नये माणसानं. पण भ्यालेला माणूस काय वाटेल ते बोलतो. बायजानं तोंड भिंतीकडे केलं.

उन्हं कलताना ठकूमावशी आली. ही गावची सुईण. दार गोधडीत अडलं, तेव्हा तिनं खांदा लावून ते लोटलं. बायजा बाजेवर ओकत होती. पोर रडत नव्हतं. ठकूनं पोर उचललं, बायजाचा दंड धरला आणि दाराकडे निघाली. हैबती आडवा आला.

"मावशे, बाहेर वारा आहे!"

"अरे हैबती, तुझ्या भट्टीला भाता कशाला रे लावलायस?"

"वारा घालायला. वाऱ्याबिगर विस्तव जगतो होय?"

"आणि पोर जगतं?"

हैबतीचा सारा जन्म भाता ओढण्यात गेला होता. तो दारातून बाजूला झाला. मग धावत जाऊन त्यानं खिडकीचं गोणपाट खिळ्यांसकट उपटलं. हाताची सालटं निघाली. गार वारा भसकन आत आला आणि शेगडी आपसूक फुलली.

पण हैबतीचे कान अंगणाकडे होते. ठकू पोराची पाठ चोळत होती. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पोरानं असं भोकाड पसरलं, की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

हैबती उंबऱ्यावर येऊन बसला.

"बायजे, तू सांगत होतीस गं."

"सांगत होते, आबा."

तात्पर्य: ज्याला जपता त्याचं आधी ऐका, नाहीतर तुमची मायाच त्याचा श्वास कोंडेल.