नंदीबैलाची साक्ष

एकदा एका नंदीबैलाने एका बाईला चोर ठरवले.

गाव नदीकाठचे, आठवडी बाजाराचे. ग्रामदेवीचा चांदीचा मुखवटा एके सकाळी गाभाऱ्यातून नाहीसा झाला. शोधाशोध झाली, कुजबुज झाली, पण मुखवटा सापडेना. त्याच सुमारास मल्लाप्पा नावाचा नंदीबैलवाला आपला शंभू घेऊन गावात उतरला होता. शंभूची कीर्ती मोठी. मल्लाप्पा ढोलावर ठेका धरी आणि प्रश्न विचारी, शंभू नुसती मान हलवून हो म्हणे. त्याने सांगितलेले खोटे ठरल्याचे कुणी ऐकले नव्हते. पाटलांनी देवळासमोर सगळ्या गावाला रांगेत उभे केले आणि बैल फिरवला. गुरवाची विधवा तान्हूबाई, जी रोज देऊळ झाडून दिवा लावीत असे, तिच्यापुढे येताच शंभूने तीनदा मान हलवली.

पाटलांनी तिथल्या तिथे निकाल दिला. पुढच्या बाजाराच्या आत तिने गाव सोडावे.

तान्हूबाई रडली नाही. ती म्हणाली, "बैलाला विचारलंत पाटील. मला कुणी काही विचारलंच नाही."

तिच्या बाजूने कुणी बोलले नाही. बोलला तो एक परका. नदीपलीकडे एका वृद्ध आचार्यांचा मठ होता. माणूस कसा पाहतो, कसा आठवतो, कशावर विश्वास ठेवतो आणि का, याचा तिथे अभ्यास चाले. त्या मठातला भार्गव नावाचा तरुण शिष्य मीठ न्यायला बाजारात आला होता. हातातली पुरचुंडी खाली ठेवून तो पुढे झाला.

"हा न्याय नाही," तो म्हणाला. "बैलाला चोर कसा कळेल? हा बैलवाला लबाड आहे."

मल्लाप्पाचा चेहरा उतरला. पाटील मात्र शांत होते. "लबाड आहे, तर सिद्ध कर. उद्या इथेच, गावासमोर. नाही जमलं तर बाई जाईल, आणि तुमच्या मठाला या गावातून धान्याचा दाणा मिळणार नाही. बघ, तोंड सांभाळून परत जायचं असेल तर अजून वेळ आहे."

"उद्या येतो," भार्गव म्हणाला.

नावेतून उतरून मठाकडे जाताना त्याचे पाय रागाने भराभर पडत होते. आचार्यांना सगळी हकीकत सांगून झाल्यावर त्याला वाटले, आता शाबासकी मिळेल. आचार्यांनी विचारले, "मल्लाप्पा लबाड आहे हे तुला कसं कळलं?"

"असणारच. नाहीतर बैल मान कशी हलवेल?"

"पाहिलंस? काही खूण करताना, दोरी ओढताना?"

"नाही. पण असली माणसं लबाडच असतात."

"पाटलांनाही तान्हूबाईबद्दल असंच वाटत असेल," आचार्य म्हणाले, आणि काठी घेऊन उठले. "चल. आधी बैल बघू."

मल्लाप्पाचे पाल गावाबाहेर चिंचेखाली होते. त्याने दोघांना घोंगडी अंथरून दिली. भार्गवशी मात्र तो बोलला नाही. आचार्यांनी त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली, शंभूच्या पाठीवरून हात फिरवला, मग म्हणाले, "तुझ्या बैलाला काय काय कळतं ते दाखवशील का?"

त्याने दाखवले. भार्गवने एक सुपारी मल्लाप्पाला दाखवून एका मुठीत धरली आणि दोन्ही मुठी बैलापुढे केल्या. मल्लाप्पाने ढोल वाजवला. "सांग शंभू, या हातात? का या हातात?" शंभूने बरोबर मान हलवली. भार्गवने मुठी बदलल्या, पुन्हा बदलल्या. शंभू एकदाही चुकला नाही. आणि भार्गव डोळ्यांत तेल घालून पाहत होता. दोरी सैल होती. मल्लाप्पाने हात हलवला नाही, डोळा मारला नाही.

"वासरू होतं तेव्हापासून मी याला विचारतो महाराज," मल्लाप्पा म्हणाला. "हा खरं सांगतो. मी याला शिकवलं नाही. माझ्या बापाची शपथ."

 परतताना नदीच्या वाळूत आल्यावर भार्गव म्हणाला, "तो खोटं बोलत नाही."

"मलाही तसंच वाटलं."

"मग बैलाला खरंच कळतं? मग तान्हूबाई..."  दुपारी ज्या बाईसाठी तो सगळ्या गावाशी भांडला, तीच चोर असली तर?

"भीती वाटते?" आचार्यांनी विचारले.

"वाटते."

"वाटू दे. दुपारी तुझ्याकडे फक्त राग होता. आता प्रश्न आहे. उद्या प्रश्नच घेऊन जाऊ."

दुसऱ्या दिवशी देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. आचार्यांनी बुरुडाकडून पाच सारख्या टोपल्या मागवल्या आणि अंतराअंतरावर पालथ्या घातल्या. मग पाटलांना म्हणाले, "एका टोपलीखाली सुपारी ठेवली जाईल. ती कुठे आहे हे शंभूने सांगायचं. मान लागोपाठ तीनदा हलली, तरच हो समजायचं, त्याहून कमी हलली तर नाही. कबूल आहे?"

"कबूल."

"मान हलली की नाही, हे तुमच्या बाजूच्या दोन माणसांनी मोठ्याने सांगायचं. मी नाही, माझा शिष्यही नाही."

पाटील थोडे चकित झाले, पण त्यांनी दोन वयस्क माणसे पुढे केली.

सुपारी आपणच ठेवणार, असे धरून भार्गव पुढे आला. आचार्यांनी त्याला थांबवले. समोर देवळाची भिंत होती. तिकडे बोट करून ते म्हणाले, "तू तिथे बस. तोंड भिंतीकडे, पाठ बैलाकडे. मी हाक मारेपर्यंत वळायचं नाही."

लोक हसले. भार्गवच्या कानशिलांवर रक्त चढले. या बाईसाठी उभा राहिलेला एकटा मी, आणि मलाच शिक्षा झालेल्या पोरासारखे भिंतीकडे तोंड करून बसवायचे? क्षणभर त्याला नाही म्हणावेसे वाटले. पण गर्दीच्या टोकाला तान्हूबाई उभी होती. तो जाऊन बसला.

त्याच्यासमोर आता फक्त चुन्याची भिंत होती. मागून आवाज येत होते. पहिल्या खेपेला सुपारी मल्लाप्पाच्या देखत ठेवली गेली. ढोल घुमू लागला, घुंगरू वाजले, आणि पाटलांची माणसे ओरडली, "मान हलली! चौथी टोपली!" सुपारी चौथ्या टोपलीखालीच होती. लोकांनी शंभूचा जयजयकार केला. भार्गवने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या खेपेला आचार्यांनी मल्लाप्पासकट सगळ्यांना पाठ वळवायला लावली. कालच्या बाजाराला येऊन मुक्कामी राहिलेल्या एका कासाराने सुपारी ठेवली आणि तो देवळात जाऊन बसला. म्हणजे सुपारी कुठे आहे हे जाणणारे आता बैलाच्या नजरेपुढे कुणीच नव्हते. ढोल वाजू लागला. पहिल्या टोपलीपासून शेवटच्यापर्यंत, पुन्हा पहिल्यापर्यंत. बराच वेळ झाला. "नाही हलली," माणसे म्हणाली. पुन्हा एकदा ठेवून पाहिले. या वेळी मान हलली, पण टोपली उचलली तर खाली मातीच. पुन्हा ठेवली. पुन्हा चूक.

"बैल दमलाय," गर्दीतून कुणी म्हणाले. "उन्हानं असेल."

"असू शकतं," आचार्य म्हणाले. "त्याला पाणी दाखवा. सावलीत घ्या. आणि परत मल्लाप्पाच्या देखत ठेवून पाहू."

तसे केले, आणि शंभूने पुन्हा पहिल्या फटक्यात अचूक टोपली दाखवली.

तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसलेल्या भार्गवच्या एक गोष्ट ध्यानात आली. डोळ्यांना काही काम नव्हते म्हणून असेल, पण त्याला ढोल फार स्पष्ट ऐकू येत होता. मल्लाप्पाचा ठेका एकसारखा चालला होता, आणि मान हलल्याची आरोळी उठण्याआधी तो अगदी किंचित अडखळला होता. श्वास अडकावा तसा. पहिल्या खेपेलाही असेच झाले होते का? झाले होते, असे त्याला वाटले. पण नुसत्या वाटण्यावर तो कालच फसला होता.

तो न वळता म्हणाला, "आचार्य, अजून एकदा करून पाहता येईल का? मला काहीतरी ऐकू येतंय. ते आलं की मी हात वर करीन. बाकी काही बोलणार नाही."

 आचार्यांनी पुन्हा सगळ्यांना पाठ वळवायला लावली, कासाराकडून सुपारी ठेवून घेतली आणि त्याला देवळात धाडले. नंतर मल्लाप्पाजवळ जाऊन त्यांनी त्याच्या कानात काही सांगितले.

ढोल सुरू झाला. पहिली टोपली गेली. दुसरी गेली. तिसऱ्या टोपलीशी ठेका किंचित अडखळला, आणि भार्गवने हात वर केला. त्याचा हात वर असतानाच मागून आरोळी आली, "मान हलली! तिसरी!"

टोपली उचलली. खाली काही नव्हते. सुपारी पहिल्या टोपलीखाली निघाली.

मल्लाप्पा आचार्यांकडे पाहतच राहिला. "तुम्ही तर मला तिसरी सांगितलीत."

"हो. तुला खोटं सांगितलं. सुपारी कुठे आहे हे मलाही ठाऊक नव्हतं," आचार्य म्हणाले, आणि त्यांनी सर्वांसमोर त्याला हात जोडले. "त्याबद्दल मला क्षमा कर. दुसरा मार्ग सुचला नाही."

"म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना फसवलं?"

"तू कुणाला फसवलं नाहीस. तुझ्या मनात उत्तर असतं. ते जवळ आलं की तुझा हात नकळत थबकतो. ढोलात तेच ऐकून भार्गवने आरोळीआधी हात वर केला. तुला ते कळत नाही, आम्हा कुणाला दिसत नाही. पण हे मुकं जनावर जन्मभर तुझाच ठेका ऐकत आलंय. त्याला ते कळतं. तुझा शंभू हुशार आहे मल्लाप्पा. त्याला जगातलं सत्य माहीत नाही, त्याला तू माहीत आहेस." मग त्यांनी हळूच विचारले, "काल बैल रांगेपुढे फिरवलास, त्याच्या आदल्या संध्याकाळी कुठे जेवलास?"

मल्लाप्पाने मान खाली घातली. "पाटलांच्या ओसरीवर. तिथे सगळे म्हणत होते, तान्हूबाईच असणार, किल्ली तिच्याकडेच असते."

 आचार्यांनी भार्गवला हाक मारली. तो उठून वळला तेव्हा सगळे गाव त्याच्याकडे पाहत होते.

 पाटील म्हणाले, "ठीक आहे. बाई गावातच राहील. पण मुखवटा तर गेलाच आहे. बैल खोटा, मी खोटा. आता तू सांग. चोर कोण?"

भार्गवच्या मनात एक नाव होते. पाटलांचा पुतण्या खांबाला टेकून उभा होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि चोरीच्या आदल्या दिवशी, मागच्या बाजाराला आला असताना, तो देवळाभोवती घुटमळताना भार्गवने स्वतः पाहिला होता. काल ज्यांनी तान्हूबाईला चोर मानले, ते आज याला मानायला तयार होते. एक शब्द पुरे होता. नुसती नजर तिकडे वळवली असती, तरी पुरले असते. किती गोड सूड झाला असता तो, पाटलांच्याच घरात चोर दाखवण्याचा. त्याला जाणवले की आपला श्वास थबकला आहे, मल्लाप्पाच्या ठेक्यासारखाच.

त्याने नजर पाटलांवरून ढळू दिली नाही.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"चोर कोण हे मला माहीत नाही. तान्हूबाईविरुद्ध पुरावा नाही, एवढंच माहीत आहे."

गर्दीत नाराजीची लाट उठली. "मग काय उपयोग तुमच्या विद्येचा?" कुणीतरी विचारले. "नुसत्या टोपल्या पालथ्या घालायच्या?"

"हो," भार्गव म्हणाला. "आणि उद्या दुसऱ्या कुणाला असंच उभं केलंत, तर पुन्हा येऊन पालथ्या घालीन."

पाटलांनी पाठ फिरवली. हळूहळू गर्दी पांगली.

त्या संध्याकाळी नावेत बसल्यावर भार्गवने विचारले, "मला भिंतीकडे का बसवलंत? ठेका ऐकू यावा म्हणून?"

आचार्य हसले. "ते मला स्वप्नातही ठाऊक नव्हतं. ते तुझं. मी तुला बसवलं कारण ती बाई सुटावी अशी तुझी इतकी इच्छा होती की बैलाने अर्धवट मान हलवली असती, तर ती हलली की नाही हे तुझ्या इच्छेने ठरवलं असतं. आणि ते तुला कळलंही नसतं. पाटलांसमोर तू उभा राहिलास, ते धैर्य तुझ्यात आधीच होतं. स्वतःच्या इच्छेकडे पाठ करून बसणं, ते मात्र आज शिकलास."

"चोराचं नाव माझ्या मनात होतं," भार्गव थोड्या वेळाने म्हणाला.

"ते मला दिसलं. तू बोलला नाहीस, तेही."

मुखवटा सापडला नाही. पाटलांनी तान्हूबाईला गावात राहू दिले, पण मानहानी विसरले नाहीत. त्या हंगामात गावातून मठाला धान्य आले नाही, आणि सगळ्यांनी नाचणीच्या पेजेवर दिवस काढले. तरी भार्गव दर बाजारी मीठ आणायला त्याच गावात जाई. कुणीतरी हटकून विचारी, "काय हो, कळला का चोर?" विचारणारा हसत असे, आणि त्याच्या मनात हटकून एखादे नाव तयार असे.

"नाही कळला," भार्गव सांगे, आणि उत्तर दिल्यावर विचारणाऱ्याची नजर खाली जाईपर्यंत तिथून हलत नसे.

सारे जग उत्तर मागत असताना जो पुराव्याआधी उत्तर देण्याचे नाकारतो, त्यालाच मनाच्या अभ्यासाचा अधिकार आहे.